माझ्या हातचं तिच्या अंगी लागेना

वरूडच्या बाजारात मी मुलांना चपला घ्यायला गेले होते. दुकानदाराने आरूला आणि ओजसला शेजारी शेजारी बसवलं, दोघांची पावलं पाहिली, एकाच मापाचे दोन जोड काढले आणि सहज विचारलं, "जुळे हायेत का वहिनी?"

आरू तेव्हा पाच वर्षांची होती. ओजस तीनचाही नव्हता.

मी "हो" म्हणाले. खरं सांगितलं असतं तर त्याने आरूकडे नीट पाहिलं असतं. तिचे काडीसारखे हात, फ्रॉकमधून पुढे आलेलं पोट, फिकट चेहरा. मग ओजसचे गाल पाहिले असते. आणि मग माझ्याकडे पाहिलं असतं. हे असं पाहणं मला पाठ झालं होतं. ज्यांना आमचं घर माहीत होतं ते माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहायचे, कारण ओजस माझ्या पोटचा आणि आरू माझ्या नवऱ्याच्या पहिल्या बायकोची.

आरूची आई मीना. आरू वर्षाची व्हायच्या आत ती तापात गेली. माझं लग्न झालं तेव्हा आरू दीड वर्षाची होती आणि अजून पाऊल टाकत नव्हती. मी मोर्शीची. माझी एक सोयरीक ठरून मोडली होती, पुढे वय वाढत गेलं आणि शेवटी हे बिजवराचं स्थळ आलं. माझे यजमान प्रकाश संत्र्याच्या पॅकिंगचं काम पाहतात. हंगामात त्यांचा पाय घरी टिकत नाही. सासू-सासरे नाहीत. म्हणजे आरूच्या तोंडात घास घालणारी घरात मी एकटी. तिचं काही चांगलं झालं तर कोणी विचारणार नव्हतं, वाईट झालं तर सगळे मलाच विचारणार होते.

आज आरू बरी आहे. "बरी" हा शब्द मी जपूनच वापरते. हे लिहिते आहे ते अशा बायांसाठी, ज्यांच्या घरातलं मूल वाढत नाही आणि घरातले लोक डॉक्टरकडे पाहायचं सोडून त्यांच्याकडे पाहतात.

उत्तरं माहीत असलेली बाई

आधी अंगणवाडीच्या ताईंनी सांगितलं. उंची मोजायच्या फळीपाशी आरूला उभं केलं, पुन्हा उभं केलं, टाचा टेकवायला लावल्या. मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ताई, वजन तं कमी हायेच, पण उंची बी वयाच्या मानानं फार कमी हाय. अमरावतीले दाखवा."

मला पहिल्यांदा काय वाटलं सांगू? वाटलं, फळी चुकीची असेल. मग वाटलं, ही बाई आता गावभर सांगणार. आरूची काळजी तिसऱ्या नंबरावर आली. असं का झालं ते ज्यांच्यावर रोज नजर असते त्यांना कळेल.

अमरावतीच्या बालरोग डॉक्टरांनी प्रश्नांची फैर झाडली. जन्मताना वजन किती होतं? दिवस पूर्ण भरले होते का? गरोदरपणी आईच्या अंगात रक्त किती होतं? अंगावरचं दूध किती महिने पाजलं? वरचं अन्न कधी सुरू केलं? दात कधी आले?

"माहीत नाही," मी म्हणत राहिले. प्रकाश खाली बघत होते, त्यांनाही माहीत नव्हतं. ज्या बाईला ही सगळी उत्तरं माहीत होती ती या जगात नव्हती.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवला. "तुम्ही आई ना?"

मी सांगितलं. त्यानंतरचे प्रश्न बदलले. घरात पहिला घास कोणाला? दोन्ही मुलं एकत्र जेवतात का? मुलगी मागते तेव्हा मिळतं का? पाणी कुठलं, उकळता का, संडास घरात आहे का, हात कशाने धुता? हे शेवटचे प्रश्न ते सगळ्यांनाच विचारत असणार. पण मला त्या खोलीत प्रत्येक प्रश्न पोलिसाचा वाटत होता.

त्यांनी जंताचं औषध दिलं, लोहाचं दिलं, क्षयाची तपासणी करून घेतली. ती चांगली आली. मग म्हणाले, मुलांची वाढ खुंटायची कारणं पुष्कळ असतात. जन्माआधीपासूनची असतात, वारंवार जुलाब होण्याची असतात, पण सर्वात मोठं कारण ताटात असतं. खाणं वाढवा. दुधात बिस्किटं, तुपातला शिरा, दलिया, गव्हाचं सत्त्व.

मी गहू भिजत घातले, वाटले, गाळले, सत्त्व वाळवलं. सकाळी सत्त्वाची खीर, दुपारी तूप लावलेली पोळी कुस्करून दुधात, चार वाजता शिरा. आरू दोन घास खायची आणि तोंड फिरवायची. मी मागे लागायची. कधी गोड बोलून, कधी रागावून. जेवढं चारलं तेवढं पातळ, पांढरट, घाण वासाचं होऊन बाहेर पडायचं. पोट टम्म. चिडचिड इतकी की कोणी जवळ घेतलं तरी रडायची. ओजस तिच्या वाटचा शिरा संपवायचा आणि अजून मागायचा.

तेल्हाऱ्याचे गाल

मीनाची आई तेल्हाऱ्याला राहते. कमलबाई. मी त्यांना आई म्हणते, कारण दुसरी आलेली बायको गेलेल्या लेकीच्या जागी असते असं आमच्याकडे मानतात. त्या मला वंदना म्हणत आणि सहसा काही म्हणतच नसत. कोरडवाहू शेती, कापूस-जवारीचं घर, ताठ बाई.

त्या उन्हाळ्यात त्या आरूला घेऊन गेल्या. मी अडवलं नाही. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं.

शाळा सुरू व्हायच्या सुमारास त्या आरूला परत घेऊन आल्या. मी दारातच थबकले. आरूच्या गालांना रंग होता. पोट बसलं होतं. ती अंगणात पळत होती, आमच्याकडे ती कधी पळायची नाही.

कमलबाईंनी पाणी घेतलं, पेला खाली ठेवला. "पाह्य तिले. माह्याकडे खाते पोट्टी. सकाई उठली का भूक लागली म्हणते. हागवण नाई, काई नाई."

"हवा बदलली असेल," मी म्हणाले.

"हवा?" त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं. "हवेनं पोट भरते काय व?"

प्रकाश तिथंच होते. ते आरूला उचलून बाहेर घेऊन गेले.

त्या गेल्या आणि माझ्या डोक्यात भलतंच सुरू झालं. आरूच्या गळ्यात काळा दोरा होता. मी तो हुंगून पाहिला. कमलबाईंनी काही पुडी दिली असेल का? ताकद येण्याच्या म्हणून गावात पुड्या मिळतात, त्या खाऊन मूल फुगतं आणि मग ढासळतं, असं मी ऐकलं होतं. मी आरूला मांडीवर घेऊन विचारलं, "आजी औषध देत होती का गं? गोळी, चूर्ण काही?"

"नाई."

"मग काय खायची?"

"भाकर. वरन. भात. दही."

एवढंच? मला ते खोटं वाटलं. पाच वर्षांच्या पोरीला आजीने पढवून पाठवलं आहे असं वाटलं. उत्तर माझ्या मांडीवर बसून मिळालं होतं आणि मी त्याच्यामागचं कपट शोधत होते.

आमचा वरूडकडचा भाग ओलिताचा. संत्रा, गहू, हरभरा. जवारीची भाकर आमच्याकडे कधीतरी चव म्हणून होते. रोजची पोळीच. यात काही वेगळं आहे असं मला वाटायचं कारणच नव्हतं.

महिना होतो न होतो तोच आरूचं पोट पुन्हा वर आलं.

नवऱ्याचा प्रश्न

मी न्हाणीघरात कपडे धुवत होते. ओसरीवर प्रकाश आरूला घेऊन बसले होते. त्यांचा आवाज हळू होता, म्हणूनच माझं लक्ष गेलं.

"आरू, खरं सांगजो. मी घरी नसतो तवा आई तुले जेवाले देते का?"

आरू म्हणाली, "देते."

"पोटभर?"

"मले नको असते तरी देते."

"मारते?"

ती जरा थांबली. "खाल्लं नाई तं रागावते."

मी नळ बंद केला नाही. तसाच वाहू दिला, म्हणजे मी ऐकलं हे त्यांना कळू नये. नंतर जेवताना मी त्यांच्या ताटात भाजी वाढली आणि म्हणाले, "मलाच विचारायचं होतं ना."

त्यांना समजलं. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाले, "तुले विचारलं असतं तं तू काय सांगतलं असतं?"

या वाक्यासाठी मी त्यांना माफ केलं का, मला अजून ठरवता आलेलं नाही. पण त्यांच्या जागी मी असते तर मीही विचारलं असतं.

कमलबाई मुक्कामाला

त्यानंतर कमलबाई न कळवता आल्या, पिशवीत चार लुगडी घेऊन. "राहतो काई दिवस," म्हणाल्या, आणि माझ्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसल्या. मी काय शिजवते, डब्यात काय ठेवते, दूध कोणाच्या वाटीत किती जातं, सगळं त्या पाहत होत्या. मी ओजसला वाढलं की त्यांची नजर आरूच्या ताटावर जायची. मला वाटायचं, पाहा, खुशाल पाहा. आणि त्याच वेळी मी आरूच्या ताटात घाईघाईने एक चमचा जास्त वाढायची, जणू मी खरंच काही लपवत होते.

दोन-तीन दिवसांनी त्यांनी आरूचं जेवण स्वतःच्या हातात घेतलं. "तू राहू दे. मी चारतो."

त्यांनी माझ्याच कणकेच्या पोळ्या केल्या, माझ्यापेक्षा मऊ. तूप घातलं, गूळ घातला, चुरमा केला. गोष्ट सांगत सांगत आरूला चारला. आरूने आजीसाठी खाल्ला. मी उंबऱ्यावर बसले होते, आता पाहायची पाळी माझी होती.

आठवडाभर असं चाललं. आरू वाळत गेली. एका दुपारी आजीच्या मांडीवरच तिला उलटी झाली, पाठोपाठ जुलाब, आणि ती इतकी गळून गेली की मान धरेना. कमलबाई तिला पुसत होत्या. त्यांच्या हाताचा चुरमा त्यांच्याच लुगड्यावर पडला होता.

त्यांनी आरूला स्वच्छ करून निजवलं. चुकलं, असं म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "या घरात काईतरी हाय."

"काय आहे?"

"मले काय माईत. पानी असंल, जागा असंल. तुमच्या अमरावतीच्या डॉक्टरवर माहा भरोसा नाई. अकोल्याले नेऊ. मी सांगतो त्या बाईकडे."

पहिल्यांदाच त्या "नेतो" न म्हणता "नेऊ" म्हणाल्या. तरी गाडीत बसताना मला वाटत होतं, त्या मला तिथं नेऊन कोणापुढे तरी उभं करणार आहेत.

दोघींची फुशारकी

अकोल्याच्या डॉक्टर बाई मध्यम वयाच्या, बोलायला तुटक. त्यांनी आधी आरूला तपासलं, तिच्या पोटावर हलकं बोट वाजवलं, पापण्या खाली ओढून पाहिल्या. मग कमलबाईंना म्हणाल्या, "आजी, तुमचं म्हणणं सांगा."

"माहं म्हणणं एकच. पोट्टी माह्याकडे राहते तं वाढते. इच्याकडे गेली का सुकते."

मी खुर्चीत ताठ झाले. "डॉक्टर, मी तिला जे देते ते ओजसला, माझ्या मुलालाही देत नाही. गव्हाचं सत्त्व, तुपातला शिरा, गव्हाची पोळी, दलिया, बिस्किटं. आजींकडे तर साधी जवारीची भाकर."

"साधीच," कमलबाई म्हणाल्या. "आमी गरीब मानसं. आमच्याकडे पोई सनावाराले. पन माह्या भाकरीनं वाढली ना पोट्टी?"

डॉक्टर बाईंचा लिहिता हात थांबला. "आजी, उन्हाळ्यात ती तुमच्याकडे होती तेव्हा पोळी, बिस्किट, ब्रेड?"

"कुठचं आलं? भाकर अन् भात."

"आणि तुम्ही यांच्या घरी जाऊन चारलं ते काय होतं?"

कमलबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "चुरमा. पोईचा."

डॉक्टर बाईंनी आम्हा दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. "तुम्ही दोघी खरं सांगताय असं दिसतंय," त्या म्हणाल्या. मला या वाक्याने जे वाटलं ते लिहिता येत नाही. इतक्या दिवसांत कोणी मला खरी म्हटलं नव्हतं.

त्यांनी सांगितलं की काही मुलांच्या आतड्याला गहू सोसत नाही. गव्हातल्या एका घटकामुळे आतड्याचं अस्तर खराब होतं, मग खाल्लेलं अंगी लागतच नाही, कितीही चारा. आधी रक्त तपासू, मग दुर्बिणीतून आतड्याचा बारीक तुकडा काढून पाहू.

मी म्हणाले, "मग आजपासून पोळी बंद करते."

"नाही," त्या म्हणाल्या. "तपासणी होईपर्यंत गहू चालू ठेवायचा. आत्ता बंद केला तर आतडं सुधारायला लागेल आणि तपासणीत आजार सापडणार नाही. मग आयुष्यभर शंका राहील."

हे मी मुद्दाम लिहिते आहे. कोणाला आपल्या मुलाबद्दल असा संशय आला तर आधी डॉक्टरांकडे जा. आपल्या मनाने गहू सोडून मोकळे होऊ नका.

जाणूनबुजून

ओजसला मोर्शीला माझ्या माहेरी ठेवलं आणि अकोल्यातच एका नातेवाइकांकडे आम्ही थांबलो. रक्ताचा रिपोर्ट आला, त्यात संशय पक्का झाला, दुर्बिणीची तारीख मिळाली. तोपर्यंत रोज आरूच्या पोटात पोळी जायला हवी होती.

आधी माहीत नव्हतं तेव्हा चारणं वेगळं. आता प्रत्येक घास काय करणार हे माहीत होतं. मी ताट कमलबाईंपुढे सरकवलं. त्यांनी ते परत माझ्याकडे सरकवलं.

"तू चार," त्या म्हणाल्या. "माह्यानं नाई होत."

"माझ्याने होतं असं वाटतं तुम्हाला?"

"नाई वाटत," त्या म्हणाल्या, आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या.

मीच चारलं. आरूने निमूट खाल्लं, कारण खाल्लं नाही तर आई रागावते हे तिला माहीत होतं. मी त्या दिवसांत एकदाही रागावले नाही, तर ती घाबरून विचारायची, "मी खाल्लं ना आई?"

दवाखान्यात तिला भरती केलं. उपाशी ठेवलं, हाताला सुई लावली. एका सिस्टरने तिचे विस्कटलेले केस विंचरून दोन छोट्या वेण्या घालून दिल्या आणि खेळायला सुई नसलेली सिरिंज दिली. वॉर्डातल्या बाकीच्या बाया विचारायच्या, "काय झालं लेकराले?" मी म्हणायची, "पोटाचं आहे." पुढे बोलायची सोय नव्हती. गव्हाचं नाव घेतलं असतं तर त्या हसल्या असत्या, आणि सावत्र आहे म्हटलं असतं तर हसल्या नसत्या.

भूल द्यायच्या आधी सही हवी होती. प्रकाश आले होते, त्यांनी केली. आरूला आत नेलं तेव्हा आम्ही तिघं एका बाकावर होतो. मला भीती वाटत होती की तिचं काही बरंवाईट झालं तर हे दोघं जन्मभर माझ्याकडेच पाहतील. आणि त्याहून मोठी भीती ही की काहीच सापडणार नाही. काही सापडलं नाही, तर उरले मीच.

सापडलं. सिलिअॅक नावाचा आजार. डॉक्टर बाईंनी समजावून सांगितलं की हा कोणाच्या चारण्याने होत नाही. गहू आयुष्यभर बंद, गव्हासोबत जव, मैदा, रवा, शेवया, बिस्किटं सगळं बंद. त्याला औषध नाही, पथ्य हेच औषध. उंची भरून निघेल का, याचं त्यांनी वचन दिलं नाही. "लवकर सापडलं असतं तर बरं झालं असतं," एवढंच म्हणाल्या.

मी रडले नाही. मला पहिला विचार आला तो असा, की हा कागद मी वरूडच्या चौकात लावावा.

कोणाला पटलं, कोणाला नाही

चौकात लावला असता तरी उपयोग नव्हता. गव्हाने कोणी आजारी पडतं हे आमच्याकडे कोणाला पटेना. शेजारीण म्हणाली, "आता बिचारीची पोळी बी बंद केली." प्रकाशनाही डॉक्टरांचा भरवसा वाटेना. ते रिपोर्ट घेऊन अमरावतीला दुसऱ्या डॉक्टरकडे गेले. त्यांनी तेच सांगितलं. वर म्हणाले, घरातल्या बाकीच्यांचंही रक्त तपासा, हा आजार रक्ताच्या नात्यात असू शकतो. प्रकाश आढेवेढे घेत तपासून आले. काही निघालं नाही. ओजसचंही निघालं नाही, पण त्याचं पोट एक दिवस बिघडलं तरी मी अजून त्याच्याकडे निरखून पाहते.

आरू सावरली. जुलाब थांबले, ती मागून खाऊ लागली. मागून खाणारी आरू पाहायला मी भाकऱ्या थापताना मुद्दाम वेळ लावायची. आणि मग, सगळं सुरळीत चाललं असताना, पोट पुन्हा फुगलं.

तेल्हाऱ्याहून फोन आला. "वंदना, तू चोरून पोई तं नाई ना देत तिले?"

"आई, मी कशाला देईन?"

"मानूस थकते. दोन दोन स्वैपाक कराचे म्हनलं का थकते."

प्रकाश शेजारी उभे होते. या वेळी त्यांनी काही विचारलं नाही, पण बिस्किटांचा डबा शोधून उघडून पाहिला. मी पाहिलं की ते पाहताहेत.

मी स्वतः अकोल्याच्या डॉक्टर बाईंना फोन लावला. त्यांनी माझ्यावर संशय घेतला नाही, पिठावर घेतला. "जवारी दळता कुठं?"

"कोपऱ्यावरच्या गिरणीत."

"तिथं आधी काय दळलेलं असतं?"

मी गिरणीत जाऊन उभी राहिले. माझ्यापुढच्या बाईचे गहू दळून झाले, गिरणीवाल्याने हाताने पिठाची कापडी नळी झटकली आणि माझी जवारी त्याच तोंडात ओतली. पहिलं पीठ पडलं ते पिवळसर होतं. आरूची भाकर इतके दिवस त्या पिठाची होत होती. तेल्हाऱ्यात सगळं गाव जवारी दळतं, तिथं हा प्रश्नच आला नसावा.

आम्ही घरघंटी घेतली. तिला गहू कधी लावला नाही. मसाले घरी कुटायला लागले, हिंगाच्या डबीवरचा बारीक मजकूर वाचायला लागले, कारण त्यातही कणीक असते हे तेव्हा कळलं. देवळातला प्रसाद, शाळेतल्या वाढदिवसाचं चॉकलेट, शेजारणीचं प्रेम, सगळ्याकडे मी आता संशयाने पाहते. पूर्वी लोक माझ्याकडे जसं पाहायचे तसंच.

आरूची उंची वाढते आहे. वर्गात ती अजून पहिल्या रांगेत उभी राहते. पण ओजसपेक्षा ती उंच झाली आहे, आणि चपलांचं माप वेगळं लागतं.

लग्नातली बुंदी

मागच्या उन्हाळ्यात तेल्हाऱ्याला कमलबाईंच्या पुतणीचं लग्न होतं. मी आरूचा डबा सोबत नेला होता, भाकर आणि बटाट्याची भाजी. पंगतीत आमच्या समोर मीनाची एक मावशी बसली होती. तिने आरूच्या डब्याकडे पाहिलं आणि आपल्या पत्रावळीतली बुंदी उचलून तिच्यापुढे धरली. "घे व माय. बुंदी तं बेसनाची असते."

आरूने हात पुढे केला नाही. माझ्याकडे पाहिलं. "आई, खाऊ?"

बुंदी बेसनाचीच असते. पण ती कशात तळली हे मी पाहिलं नव्हतं. "मला माहीत नाही बाळा," मी म्हणाले. "नको खाऊ."

तिने मान हलवली आणि भाकरीचा तुकडा मोडला. मावशीबाई शेजारणीकडे वळून पुटपुटल्या, पण मला ऐकू येईल इतपत. "सक्खी असती तं एवढी बुंदी अडवली नसती."

कमलबाई माझ्या बाजूला बसल्या होत्या. त्यांनीही ऐकलं. मला वाटलं त्या काही बोलतील, आणि न बोलल्या तर मला काय वाटेल याची मी मनात तयारी केली. त्यांनी पत्रावळ सारली, गुडघ्यावर हात देऊन उठल्या आणि मंडपामागे स्वयंपाक चालला होता तिकडे गेल्या. तिथून त्यांचा आवाज येत राहिला. आचाऱ्याला त्या काहीतरी खोदून खोदून विचारत होत्या. तो वैतागला होता, तरी त्या हटत नव्हत्या.

परत आल्या त्या थेट मावशीबाईंसमोर थांबल्या. "त्याच कढईत सकाई पुऱ्या तयल्या," म्हणाल्या. "तेल बी तेच."

मावशीबाईंनी पत्रावळीतली बुंदी बाजूला सारली. कमलबाई माझ्या शेजारी बसल्या. आरूच्या डब्यात वाकून पाहिलं.

"दयन कुठचं?"

"दळण घरचंच. घरघंटीतलं."

"कोनी दयलं?"

"मीच."

"मंग दे मले बी एक," त्या म्हणाल्या.